तुझा तंबू वाळूवर का लागला नाही

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझा तंबू धुऊन, दोन दिवस गच्चीवर वाळवून घडी घालून ठेवला आहे. देताना तू एकच अट घातली होतीस, की तो समुद्राच्या वाळूवर लागला पाहिजे. ती अट मी पाळली नाही. त्याचे कारण तुला नीट कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी आणि धाकटा भाऊ माघ वद्य अष्टमीला, झुंजुमुंजू होताच दिवेआगरहून निघालो. वेळासपर्यंतचा पल्ला जेमतेम ६० किलोमीटरांचा. तिथी मुद्दाम निवडली होती. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करता येते, आणि तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा कोळ्यांचा हिशेब तुला ठाऊक आहेच. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. तोवर हरिहरेश्वर गाठायचे, एवढेच आमचे वेळापत्रक होते.

भरडखोलला पोहोचलो तेव्हा होड्या लागून गेल्या होत्या आणि बायका खळ्यांत जवळा पसरत होत्या. मोटारीतून जाताना आपण अशा ठिकाणी काचा वर करतो. सायकलवर तो वास अंगावर घेतच पुढे जावे लागते, आणि खरे सांगतो, शेखाडीच्या पुढे तो मागे पडला तेव्हा मला चुकल्यासारखे झाले. तिथून आरावीपर्यंत उजव्या हाताला काळे खडक, त्यांच्यावर फुटणारे पाणी आणि डाव्या हाताला डोंगर, एवढ्यातच रस्ता मावलेला आहे. चढ लहान असले तरी एकामागून एक येतात, आणि सामानाच्या ओझ्यामुळे प्रत्येक चढाला सगळ्यात हलका गिअर टाकावा लागतो.

अशाच एका चढावर माझे मागचे चाक बसले. टायरच्या आतून बोट फिरवले तेव्हा बाभळीच्या काट्याचे टोक लागले, पण ट्यूबला भोक कुठे पडले ते काही दिसेना. बुडवून पाहायला जवळ बादलीभर पाणी नव्हते. तेव्हा भावाने ट्यूबमध्ये हवा भरली, ओठ ओले केले आणि ती तोंडाजवळून सावकाश फिरवत नेली. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर त्याच्या ओठाला गार वारा लागला आणि भोक सापडले. घासपेपर, सोल्यूशन, ठिगळ, पुन्हा हवा, या सगळ्यात पाऊण तास गेला.

त्यामुळे श्रीवर्धनला आंबोळ्या आणि उसळ खाण्यापुरतेच थांबता आले, आणि हरिहरेश्वरला साडेबाराला पोहोचलो. पाणी अजून खाली होते. कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्या उतरून गेल्यावर, खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारख्या पोखरून काढलेल्या त्या भिंतींवर मी कितीतरी वेळ हात फिरवत होतो. तुझा गुडघा बरा झाला, की या पायऱ्या तू उतराव्यास अशी माझी फार इच्छा आहे.

बागमांडल्याहून वेशवीला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकली कठड्याला टेकवल्या आणि सावित्रीची खाडी ओलांडली. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या पाच नद्यांतली ही पश्चिमेला उतरते आणि इथे, बाणकोटच्या किल्ल्याखाली, समुद्राला मिळते. मागे राहिलेले श्रीवर्धन पेशवे बाळाजी विश्वनाथ भटांचे, पुढे येणारे वेळास नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे. सिद्दीच्या जाचाला कंटाळून भट आणि भानू एकत्रच देशावर गेले असे सांगतात. शाळेत हे सारे सनावळीसाठी पाठ केले होते, पण ही दोन गावे एकमेकांपासून सायकलने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहेत, हे पायांना कळले तेव्हाच ती सोयरीक मला खरी वाटली.

वेळासला सूर्य मावळायच्या आत पोहोचलो आणि सुरूच्या बनापुढे, भरतीच्या रेषेच्या वर, तुझ्या तंबूसाठी सपाट जागा शोधून काढली. आम्ही खुंट्या ठोकणार इतक्यात गस्तीला निघालेले एक कासवमित्र जवळ आले आणि अतिशय सौम्य शब्दांत म्हणाले, की हा विणीचा काळ आहे. उजेड दिसला किंवा माणसाची चाहूल लागली, तर मादी अंडी न घालताच परत फिरते. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे काम सुरू करण्यापूर्वी ही अंडी माणसे नेत, कुत्री-कोल्हे उकरत. आता गावच ती राखतो. हे ऐकल्यावर तिथे तंबू लावणे मला शक्यच नव्हते.

त्यांनीच एका वाडीची वाट दाखवली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या होत्या, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेतच काकूंनी आम्हाला तंबू लावू दिला. भोवती नवीन लावलेली रोपे होती. त्यांना फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि तोवर रोज शिंपणे चुकत नाही, असे काकू कुळथाचे पिठले वाढता वाढता सांगत होत्या. मध्यरात्री चंद्र वर आला तेव्हा उरलेल्या पोफळींच्या सावल्या तंबूच्या कापडावर हलू लागल्या. मी बराच वेळ जागा होतो.

पहाटे त्याच गस्तकऱ्यांबरोबर किनाऱ्यावर गेलो. ओल्या वाळूतून वर चढत गेलेली रेघ होती, दोन्ही बाजूंना कासवाच्या वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे आणि मधे पोट घासल्याचा पट्टा, आणि ती सुरूंच्या अलीकडे, आम्ही खुंट्या ठोकणार होतो तिथून दहाबारा पावलांवर, थांबली होती. त्यांनी हातभर वाळू काढली आणि पांढरी, मऊ कवचाची अंडी एकेक उचलून मोजली. ११८ निघाली. ती कुंपणातल्या नव्या खड्ड्यात तितक्याच खोल पुरली. पन्नासेक दिवसांनी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, पिल्ले वर येतील. तेव्हा आपण दोघांनी वेळासला जावे असे मनात आहे. गुडघ्याला झेपत नसेल तर तू एसटीने ये, मी सायकलने येतो.

तंबू या आठवड्यात पाठवतो. त्याच्या तळाला वाडीतल्या तांबड्या मातीचा एक डाग राहिला आहे, दोनदा घासूनही निघाला नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. एप्रिलचे लवकर कळव.

तुझाच,
बालमित्र