क्लेम नाकारा, पण नुकसान कशामुळे झालं ते लिहून द्या

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

महोदया,

चिपळूणच्या बाजारपेठेत मी व्यापाऱ्यांच्या हिशेबाची आणि कराची कामं करतो. त्यामुळे 22 जुलै 2021 च्या पुरानंतर विम्याचे कागदही माझ्याच टेबलावर आले. वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानात शिरून ज्यांचा माल भिजला, त्यांचे क्लेम रडतखडत, कमीजास्त रकमेत का होईना, मिटले. (पाणी कोळकेवाडी धरणाचं की आभाळाचं, यावर आमच्याकडे खूप वाद झाला. पॉलिसीला त्याचं सोयरसुतक नसतं, पूर तो पूर.) अडकले ते ज्यांचा माल भिजलाच नाही, तरी वाया गेला.

एका औषध दुकानदाराचा फ्रिज पोटमाळ्यावर होता. पाणी तिथवर चढलं नाही. पण पुरात वीज गेली, लवकर आली नाही, आणि दोन ते आठ अंशांत ठेवायचं इन्सुलिन फेकून द्यावं लागलं. नुकसान तपासायला कंपनीचे सर्व्हेअर आले, शिडीवरून वर डोकावले, फ्रिज कोरडा असल्याचा फोटो काढून गेले. मग कंपनीचं पत्र आलं, तेही एका ओळीचं: नुकसान तापमानातील बदलामुळे झाले आहे, पुरामुळे नाही, सबब दावा अमान्य.

अशा नुकसानीचं कारण कसं ठरवायचं, यासाठी आता गोव्यातल्या झुआरी इंडस्ट्रीज या कारखान्याचं प्रकरण बघा. तिथे विजेच्या मुख्य स्विचबोर्डात शॉर्टसर्किट होऊन आग लागली. धूर आणि काजळी जनरेटरपर्यंत गेली, तोही बंद पडला. वीज गेल्यामुळे बॉयलरचं पाणी थांबलं, तापलेले वायू मात्र आत येतच राहिले, आणि बॉयलर निकामी झाला. विमा कंपनीचं म्हणणं, बॉयलर काही आगीनं जळला नाही आणि आगही टिकली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये ते फेटाळलं. न्यायालयाचा नियम असा: शेवटची घटना कोणती हे न पाहता साखळी कुठून सुरू झाली आणि मध्ये एखादं नवं, स्वतंत्र कारण शिरलं का, हे पाहायचं. आग किती वेळ जळली पाहिजे, असं पॉलिसीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आमच्या दुकानदाराची साखळी याहून आखूड आहे.

तरी कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे, असं मी म्हणणार नाही. शीतगृहातला माल तापमान बदलून खराब झाला तर भरपाई नाही, असं अपवादाचं कलम त्याच्या पॉलिसीत होतं. पण औषध दुकानातला फ्रिज म्हणजे शीतगृह का? आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते. त्या एका ओळीत यातलं काहीच नाही. शिवाय साखळीची सुरुवात पाहायचा हा नियम कंपन्यांच्या विरोधातच जातो असंही नाही. 1918 मध्ये इंग्लंडात ‘इकारिया’ जहाजाच्या खटल्यात कंपनीच जिंकली. टॉर्पेडो लागलेलं जहाज बंदरात आणलं, तिथे दर ओहोटीला तळाला टेकून अखेर बुडालं. न्यायालय म्हणालं, बुडवलं ते टॉर्पेडोनंच. आणि युद्धाची जोखीम पॉलिसीतून वगळलेली होती.

आपल्याकडे हा नियम 1963 च्या सागरी विमा कायद्याच्या कलम 55 मध्ये लिहिलेला आहे. म्हणजे जहाजाला कायद्याचा आधार आहे. दुकानाला, घराला, गोदामाला मात्र निकालांचे दाखले शोधत बसावं लागतं, आणि ते शोधायला वकील लागतो. 1938 च्या विमा कायद्यात सर्वसाधारण विम्यासाठी असं कलम घालायला काय हरकत आहे? 2025 च्या अर्थसंकल्पात विमा क्षेत्रात शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीची घोषणा आपण केलीत. भांडवल येवो बापडं, पण क्लेम नाकारायची रीत तीच राहिली तर चिपळूणच्या दुकानदाराला त्याचा काय उपयोग?

कायदा बदलायला वेळ लागतो, हे मान्य. तोवर विमा नियामक प्राधिकरणाला सांगून एवढं तरी करा. नकारपत्रात कंपनीनं लिहावं की नुकसानीची सुरुवात कोणत्या घटनेनं झाली, साखळी कुठे तुटली असं तिला वाटतं, ते कोणत्या पुराव्यावरून, आणि कोणतं कलम लावलं. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे वर्षभरात जाता येतं, पण एका ओळीच्या विरोधात तिथे मांडणार काय? आणि सर्व्हेअरचा अहवाल दुकानदाराला मागावा लागू नये, तो नकारपत्रालाच जोडून यावा.

आपला,
चिपळूणमधला एक कर सल्लागार