चार दिवस भिजवलेल्या मातीच्या मोल्डबद्दल नानांचे जाहीर आभार

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात शेतरस्ते आणि गावरस्ते करणाऱ्या आम्हा साइट इंजिनिअर, सुपरवायझर आणि रोलर चालकांकडून हे आभारपत्र. रस्त्याला वजन किती झेपतं हे सगळेच विचारतात. तेच वजन कितीदा झेपतं, हे विचारायला तुम्ही शिकवलंत.

मे महिन्यात आपली काळी माती दगडासारखी असते, रोलरचा वळसुद्धा उमटत नाही. जुलैत तीच ओलीचिंब झाली की केळीच्या ट्रकखाली केसभर दबते आणि पुरती वर येत नाही. हा उरलेला दब चाकागणिक साठत जातो. चिकणमातीच्या छिद्रांतलं पाणी पटकन बाहेर पडत नाही. एका चाकानं वाढलेला पाण्याचा दाब ओसरायच्या आत दुसरं चाक येतं. कणाला कण घट्ट धरून ठेवणारा जोर मग ढिला पडतो. म्हणूनच एका दमात मोडायला जेवढा भार लागला असता, त्याहून बऱ्याच कमी भारानं ही माती हजारो फेऱ्यांनंतर मोडते. भार पुरेसा कमी असेल तर ती सुरुवातीला थोडी दबते आणि स्थिरावते. खडीचा थर जाड करायचा तो मातीपर्यंत पोचणारा ताण त्या हद्दीखाली ठेवण्यासाठी, हे तुम्ही इतकं नीट समजावलंत की आता जाडीतला एक इंचही कमी करायला मन धजत नाही.

तुमच्या ओट्यावरची ती दोन काचेची नळकांडी अजून डोळ्यांसमोर आहेत. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एकात रॉकेलमध्ये, दुसऱ्यात पाण्यात. ढवळून हवा काढायची आणि 24 तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 18 मिली भरली, तर फुगवटा 80 टक्के. 50 टक्क्यांच्या वर गेलेली माती भरावात घालायची नाही. खर्च नगण्य, आणि निकाल शेतकऱ्यालाही डोळ्यांनी दिसतो.

सीबीआरच्या, म्हणजे मातीची भार पेलायची ताकद मोजणाऱ्या चाचणीच्या बाबतीत तुम्ही कधीच सूट दिली नाहीत, त्याबद्दल विशेष आभार. माती ठासलेला मोल्ड (साचा) पूर्ण 96 तास पाण्यात, वर वजनाच्या चकत्या, मग 50 मिमीचा दट्ट्या मिनिटाला 1.25 मिमी वेगानं. 2.5 मिमी रुतायला 27 किलो लागले, तर प्रमाण खडीला लागणाऱ्या 1370 किलोंनी भागून जेमतेम 2 टक्के. कोरड्या मातीवरचा मोठा आकडा कागदावर छान दिसतो, पण रस्ता मोडतो तो ओल्या मातीवर. शिवाय सीबीआर हा एकदाच दिलेला दाब आहे. फेऱ्यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. डांबरी रस्त्यांच्या रचनेच्या आयआरसी 37 या मार्गदर्शिकेत 20 मिमी खोल चाकोरी म्हणजे रस्ता निकामी, आणि मातीच्या माथ्यावरचा उभा स्ट्रेन (दबण्याचं प्रमाण) निम्मा केला तर फेऱ्या साधारण तेवीसपट वाढतात. वजनाचं उलट: 8 टनांच्या एक्सलऐवजी 12 टनांचा आला, तर नुकसान दीडपट नव्हे, चौथ्या घाताच्या नियमानं पाचपट. ओव्हरलोड ट्रॉलीच्या मालकांना आम्ही हेच गणित दाखवतो.

मुरमाबद्दल तुम्ही सांगितलेलं तर सोन्यासारखं. खाणीत चांगला दिसणारा मऊ मुरूम रोलरखाली आणि नंतर चाकाखाली भरडत जातो, त्याची बारीक भुकटी होते आणि ती पाणी धरते. म्हणून नमुना ढिगातून न घेता रोलिंग झाल्यावर थरातून घ्यायचा. प्लास्टिसिटी इंडेक्स (चिकणपणा दाखवणारा आकडा) 6 च्या वर गेला तर तो मुरूम जीएसबीला, म्हणजे मातीवरच्या तळाच्या थराला चालत नाही. आणि साइडपट्टी काळ्या मातीची करून जीएसबी मध्येच कोंडायचा नाही. तो थेट चारीपर्यंत न्यायचा, नाहीतर रस्त्याच्या पोटात हौद तयार होतो, प्रत्येक चाक त्याला पंप मारतं आणि खडीतून काळा गाळ वर येतो. अशी जागा दिसली की वरून डांबर ओतण्यात अर्थ नाही. उकरून, पाणी काढून, खाली जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथरूनच भरावी लागते.

घाटातल्या कातळाचंही तुम्ही ओघात सांगितलंत: अखंड बेसाल्ट सहज थकत नाही, थकतात त्याचे सांधे. दर हादऱ्याला सांध्याचे उंचवटे झिजतात, पावसात त्यात पाणी भरतं, आणि धोंडा सुटतो तो तिथूनच.

तुमचे तीनही मोल्ड धुऊन, पुसून, तेल लावून पाठवत आहोत. चकत्या मोजून घ्या. सोबतच्या पोत्यात नव्या शेतरस्त्याची माती आहे, तीन ठिकाणची, वेगवेगळी बांधलेली. ती भिजत घाला.

आपले,
तापीकाठच्या रस्त्यांवर काम करणारे आम्ही सगळे