खेकडा बिळातून निघाला

मोरा, उरण
मंगळवार, रात्री

प्रिय सुध्या,

फोन केला असता, पण तू मध्येच हसशील आणि मी चिडून ठेवून देईन. म्हणून पत्र. पाच महिने गप्प का होतो तेही कळेल. तब्येत ठीक, साखर आहे तिथेच.

शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून संध्याकाळची लाँच धरली. पौर्णिमा होती हे विसरलोच! पौर्णिमेला बारा-एकला भरती म्हणजे सहा-सातला सुकती, हे तूच मला घोकून घेतलं होतंस. धक्का समोर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर, आणि लाँचचं बूड गाळात बसलं. खलाशाने बांबू खुपसला, तो हातभर काळा होऊन वर आला. एरवी काय शिव्या झाल्या असत्या! पण माणसं होतीच किती? मोजली, चौदा. १२ जानेवारी २०२४ला उरणपर्यंत ट्रेन आली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. तेव्हापासून आपली ती खिडकीजवळची बाकं मोकळीच असतात.

इंजिन बंद केल्यावर गाळातले बुडबुडे फुटताना ऐकू येत होते. पलीकडे घारापुरीचे दिवे. आपल्या वेळी तिथे रात्री जनरेटर थांबला की बेट गायब व्हायचं. २०१८ला समुद्राखालून केबल आली. तासभर तसाच बसलो आणि, लाज वाटते सांगायला, बरं वाटत होतं. घरी जायचंच नव्हतं.

कारण कपाटात इसाराचे पैसे आहेत. हो, घर विकतोय.

खिडकीचे गज खाऱ्या हवेने पापुद्रे सुटून हातात येतात, दर दोन वर्षांनी तेच. पोरगा उलव्याला फ्लॅट घेतोय. म्हणाला, "बाबा, फोर्टातल्या ऑफिसला काय चंद्र बघून जायचं?" आता याला काय उत्तर देऊ? हिला तर उलव्याच्या लिफ्टचीच स्वप्नं पडतात. माझ्याशिवाय कुणालाच वाईट वाटत नाहीये, हेच जास्त लागतं.

तू डोंबिवलीला निघालास तेव्हा टेम्पोसमोर उभं राहून तुला पळपुटा म्हणालो होतो. भरल्या टेम्पोसमोर, वहिनींच्या देखत. तू मला खेकडा म्हणालास, मग अकरा महिने अबोला. शब्द मागे घेतो. अर्धा. उरलेला अर्धा तू माझं घमेलं परत करशील तेव्हा.

शेवटी होडीने काढलं आम्हाला. पायरीवरच्या शेवाळावर घसरलो, गुडघा सोलवटला, बाकी काही नाही.

तुझ्या लेकीचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी तेवढं तरी कळव. वहिनींना म्हणावं, मोतीबिंदू लांबवू नका.

खरेदीखत पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी ये. ट्रेनने नको, लाँचने. अष्टमी बघून नीघ, सकाळी धक्क्याला पाणी असतं. आणि घमेलं आण.

तुझा,
बाळ्या