टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात, लिव्हर कोण बघणार? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

माझ्या मावशीला टीबी निघाला तेव्हा तिचं वजन ४१ किलो होतं. तक्त्याप्रमाणे रोज तीन गोळ्या सुरू झाल्या. पंधराएक दिवसांत जेवण नकोसं झालं, भाताच्या वासानंही तिला उमळून यायचं. घरातले म्हणाले, गोळ्या उष्ण पडतात, ताक पी. ती ताक पीत राहिली आणि गोळ्याही नेमानं घेत राहिली. पाचव्या आठवड्यात खिडकीपाशी बसवून मी तिचे डोळे बघितले, तर पांढरा भाग हळदीसारखा झालेला. यकृताला झालेली इजा दाखवणारं रक्तातलं एसजीपीटी चारशेच्या वर, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. तोवर तिचं लिव्हर कुणी एकदाही तपासलं नव्हतं.

औषधं थांबवून, मग एकेक करत पुन्हा सुरू करून ती बरी झाली. पण ते आठवडे आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

नंतर कळलं की हा निव्वळ नशिबाचा भाग नाही. आयसोनियाझिड हे टीबीचं जुनं, भरवशाचं औषध. त्याचा निचरा यकृतातलं नॅट-२ नावाचं एन्झाइम करतं. ते झपाट्यानं चालणार की संथ, हे आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. संथ असेल तर औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. भारतात निम्म्याहून जास्त लोक या संथ गटातले आहेत. त्या सगळ्यांना कावीळ होत नाही, हे खरं. कुपोषण, दारू, वाढलेलं वय, हिपॅटायटिस बी यांचाही वाटा असतो. पायराझिनामाइड आणि रिफॅम्पिसिन ही टीबीची इतर औषधंही यकृताला जड जातात. पण ज्यांच्यात हे सगळं एकत्र येतं, तीच माणसं सरकारी दवाखान्याच्या रांगेत जास्त असतात, साहेब.

जपानमध्ये संथ गटातले लोक जेमतेम दहा टक्के. तरी तिथे जनुक तपासून आयसोनियाझिडचा डोस ठरवण्याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण थोडे होते, पण नेहमीचा डोस घेणाऱ्या संथ गटातल्या बहुतेकांच्या यकृताला इजा झाली आणि कमी डोस घेणाऱ्यांपैकी एकाच्याही नाही. आपल्याकडे चार औषधं एकाच गोळीत येतात. त्यात आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम. ते एकटं कमी करायचं म्हटलं तर बाकीची तीनही कमी होतात.

म्हणून मागणी अशी. उपचार सुरू करण्याआधी आणि मग दोन आठवड्यांनी, महिन्यानं प्रत्येक रुग्णाची लिव्हरची तपासणी मोफत आणि सक्तीची करा. रुग्णाच्या घरातल्या धडधाकट माणसांना प्रतिबंधासाठी आयसोनियाझिड देतात, त्यांनाही यातून वगळू नका. ती तर आजारीही नसतात. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या एखाद्या जिल्ह्यात नॅट-२ ची तपासणी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करा आणि तिथे आयसोनियाझिडच्या सुट्या गोळ्या पुरवा.

आणि एक काम उद्यापासून होण्यासारखं आहे. गोळ्यांच्या पाकिटासोबत मराठीत दोन ओळींची चिठ्ठी द्या: सारखी मळमळ होत असेल, लघवी गडद पिवळी होत असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखान्यात या.

कळावे,
टीबीतून उठलेल्या एका बाईची भाची