काडतुसाच्या केस फुटतायत, पॉइंट २२ पिस्तूलवाल्यांनी वाचाच

मंडळी, रविवारी रेंजवर परत एक केस (काडतुसाचं पितळी कवच) फुटली, महिन्यातली तिसरी, आणि परत तेच "अरे राउंडच (काडतूसच) खराब असेल". असेलही, पण फुटलेली केस कचऱ्यात टाकली तर कळणार कसं? ती डबीत ठेवा, सोबत बॉक्सवरचा लॉट (बॅच) नंबर आणि पिस्तूल कुठलं ते चिठ्ठीवर. वेगवेगळ्या लॉटला एकच पिस्तूल फोडत असेल तर संशय पिस्तुलावर, वेगवेगळ्या पिस्तुलांत एकच लॉट फुटत असेल तर तो लॉट बाजूला.

फाटलीय कुठे तेही बघा. रिमजवळ (केसच्या मागच्या कडेजवळ) फुगून गेली असेल तर बहुतेक बोल्ट (राउंडच्या मागे बंद होणारा भाग) पूर्ण बंद व्हायच्या आतच फायर झालाय, चेंबरमध्ये (राउंड बसतो त्या जागेत) मेण-शिशाचा थर साचला की राउंड पूर्ण आत बसत नाही आणि २२ चं पितळ तसंही पातळ. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून वैतागून घरी गेल्यावर साफसफाई कोण करतं, माहितीये सगळ्यांना!

आवाज फुसका आला तर पुढचा शॉट अजिबात नको, बॅरलमध्ये गोळी अडकलेली असू शकते. पिस्तूल टार्गेटकडेच धरून हात वर करा, कोच येतील. केस फुटलेलं पिस्तूल आर्मररने (शस्त्रं तपासून दुरुस्त करणाऱ्याने) बघितल्याशिवाय लेनवर चालणार नाही. चष्मा सगळ्यांना, बघायला आलेल्या पाहुण्यांनाही.