परातभर पुडिंग

लीड्स, रविवार रात्र

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मी "पुडिंग बिघडलं" म्हटल्यावर बाबांनी मागून "कॅरॅमल करपलं का?" विचारलं होतं. त्यांना सांग, हे यॉर्कशायर पुडिंग, यात साखरेचा कणही नसतो. धिरड्यासारखं सरसरीत पीठ, फक्त तव्याऐवजी ओव्हनमध्ये.

नाद लावला तो शेजारच्या आजींनी. दुकानात मिळणारी वाटीएवढी पुडिंगं त्यांच्या लेखी पोरखेळ. त्यांच्या माहेरी भल्या थोरल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये एकच व्हायचं आणि मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर पानात पडायचं. मांस महाग, खाणारी तोंडं सहा. वर पोरांना सांगायचं, जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस! पाहुणे वाढले की तू रश्शात तांब्याभर पाणी ओततेस, त्याच जातीची युक्ती. पूर्वी मांस विस्तवावर भाजताना हे भांडं खालीच ठेवत, ठिबकणारी चरबी पिठात मुरायची. हॅना ग्लास नावाच्या बाईंनी 1747 मध्ये तशीच कृती लिहून ठेवली आहे. आजी अजून गाईची चरबीच वापरतात (हे वाक्य आत्यासमोर वाचू नकोस). मी सूर्यफुलाचं तेल घेतलं आणि कोंबडी भाजली.

चार अंडी, 140 ग्रॅम मैदा, 200 मिली दूध, मीठ. तू विचारशीलच, सोडा किती? अजिबात नाही. सगळा खेळ वाफेचा. मागच्या रविवारी मला राहवलं नाही, पंधराव्या मिनिटाला दार उघडून डोकावले आणि डोळ्यांदेखत ते बसलं. अंडं आवळून घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली की संपलं. आम्ही ते चिवट चामडं मुकाट्यानं खाल्लं.

आज कोंबडी बाहेर काढून झाकून ठेवली, ओव्हन 220 वर नेला आणि ट्रेमध्ये तेल धुरावेपर्यंत तापवलं. पीठ ओतलं तेव्हा फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसं चर्रर्र झालं आणि कडेचं पीठ तिथल्या तिथे पांढरं पडून आकसलं. मग दाराबाहेर जमिनीवर मांडी ठोकून काचेतून बघत बसले. आधी कडा उठल्या, मग एक कोपरा भटुऱ्यासारखा टम्म फुगला, दुसरा मागे राहिला. मधला भाग खोलगटच राहतो, राहायलाच हवा. बटाटे, मटार, कोंबडी, ग्रेव्ही, सगळं त्यातच वाढतात.

इथल्या रसायनशास्त्राच्या रॉयल सोसायटीनं 2008 मध्ये जाहीर केलं होतं की चार इंचांहून कमी उंचीचं ते यॉर्कशायर पुडिंगच नव्हे. माझा उंच कोपरा पट्टीनं पाच भरला. बुटक्या कोपऱ्याला पट्टी लावलीच नाही. आजींनी कडा मोडून कुरकुर वाजवून पाहिली, "मीठ कमी" म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

उरलेला तुकडा मात्र त्यांच्याकडे जॅम लावून खातात म्हणे, म्हणजे बाबा अगदीच चुकले नव्हते. जॅम घरात नव्हता, मी तुझा साखरांबा लावला. बरणीच्या तळाशी आता दोन चमचे उरलाय. दादा डिसेंबरात येतोय ना?

तुझी,
मनू