लाल पिशवीवाल्या काकांना

काका,
सा. न.

तुमचं नाव लिहीत नाही. आपल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये आडनाव कुणी विचारत नाही, आणि पहिलं नावसुद्धा हॉलच्या बाहेर न्यायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. पण भर पावसात लाल पिशवी धरून पोवई नाक्यावर दीड तास उभा राहिलेला माणूस साताऱ्यात एकच असणार. पत्र पोचेल.

दारू सुटून चौदा महिने झाले. परवा हिनं पेट्रोलला पाचशेची नोट दिली आणि उरलेले पैसे मागायला विसरली. पूर्वी माझी गाडी वाजली की हीच बाई पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसायची. म्हणून आज लिहायला बसलो.

तुमच्याआधी मदत करणारे कमी नव्हते. एका पाहुण्यानं पंढरपूरला नेऊन माळ घातली. ती मी संध्याकाळी खुंटीला अडकवायचो, सकाळी परत गळ्यात. यात विठ्ठलाचा काही दोष नाही. मेहुण्यानं कुठल्याशा बुवाकडून पुड्या आणल्या, 'नकळत सुटेल' म्हणून. हिनं भाबडेपणानं आमटीत कालवल्या. त्या रात्री वर दारू पडली तसं तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, जीव राहतो की जातो. पुढं डॉक्टर म्हणाले, असल्या पुड्यांत डायसल्फिरामची, म्हणजे वर दारू पडली की त्रास देणारी, गोळी कुटलेली असू शकते, आणि पिणाऱ्याला न सांगता ती देणं म्हणजे जिवाशी खेळ. बुवा अजून मजेत आहे. गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा मी शेजारच्या गावाला जायला लागलो. त्या जिंकल्या, माझं पेट्रोल वाढलं, एवढंच.

शेवटी मीच एका मीटिंगचा पत्ता काढला, तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "बेवड्यांची सभा व्हय? ती कधीच हलली." कुठं हलली ते सांगायला त्याचं काय जात होतं?

पत्त्याखाली एक नंबर होता. तुम्ही उचललात. किती पिता, कधीपासून पिता, काही नाही. "सकाळी उठल्या उठल्या लागते का?" मी हो म्हणालो. "मग आज एकदम बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. रोजची एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते." दारू सोडवणारा माणूस 'आज बंद करू नका' म्हणतोय! मी फोन कानापासून काढून नंबर परत बघितला.

मंगळवारी साडेसहा, महाराजांच्या पुतळ्याजवळ, हातात लाल पिशवी, असं ठरलं.

मी आलो आठला. खोटं कशाला बोलू, धीर यावा म्हणून वाटेत एक क्वार्टर मारली होती, मग आणखी अर्धी. यवतेश्वराकडून पाऊस उतरला होता. वाटलं, गेलेच असतील, म्हणजे 'माणूसच आला नाही' असं सांगायला मी मोकळा. आणि तुम्ही तिथंच. छत्री वाऱ्यानं उलटी होत होती, पिशवी पोटाशी धरलेली. वास आलाच असणार. तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. म्हणालात, "मीटिंग संपली असेल. चहा घेऊ."

टपरीवर उपदेश नाही. एक गोष्ट सांगितलीत. १९३५ साल, अमेरिकेतलं ॲक्रन गाव. एक शेअरबाजारातला, एक सर्जन, दोघंही पट्टीचे पिणारे. दोघं एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातनं हे सगळं उभं राहिलं. "फी नाही, फॉर्म नाही. सोडायची इच्छा असली की झालं." मी म्हणालो, मी तर आत्ता पिऊन आलोय. तुम्ही म्हणालात, "इच्छा आहे का विचारलं. सुटली का, असं कुठं विचारलं?"

मग छत्री माझ्या हातात दिलीत आणि पिशवी डोक्यावर धरून निघालात.

पुढचे आठ दिवस, डॉक्टर, सलाईन, ते सगळं लिहीत नाही. हिला पाठ आहे.

चार महिन्यांनी तुमच्या शेअरिंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये आपली गोष्ट सांगतात त्यात, ऐकलं, की नऊ वर्षांत तुमची एकच मंगळवारची मीटिंग बुडाली. कुठली, ते बोलला नाहीत. मी मनातल्या मनात तारीख मोजली. आपल्यासाठी मीटिंग म्हणजे औषधाचा डोस, आणि तुम्ही तो एका पिऊन येणाऱ्यासाठी चुकवला होता. मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तेवढ्यात बिस्किटांची प्लेट पुढ्यात आली, म्हणून दोन बिस्किटं खाल्ली.

चांगलं वागायला काही लागत नाही म्हणतात. मला नाही पटत. दीड तास लागतो, भिजायला लागतं, पाय दुखतात. मला शहाणपण शिकवून गेलेल्यांतल्या एकाचेही पाय दुखले नसतील.

तुमची छत्री अजून माझ्याकडंच आहे. तिची एक काडी मोडली होती, राजवाड्याजवळ दुरुस्तीला टाकलीय. मंगळवारी घेऊन येतो. साडेसहाच्या आत.

तुमचा,
आठला आलेला